मुलांचे झाकीरसाहेब

वाचकहो, भारताचे तिसरे राष्ट्रपती म्हणून डॉ. झाकीर हुसेन यांचे नाव आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. राष्ट्रपतींच्या तसबिरींमध्ये पांढरी दाढी, शेरवानी आणि टोपी अशा वेशातला त्यांचा शांत चेहरा आपण अनेकदा पाहिला असेल. परंतु हा मनुष्य आयुष्याची ऐन उमेदीची बावीस वर्षे भाड्याच्या घरांत भरणाऱ्या एका गरीब संस्थेचा प्रमुख होता, पहिलीदुसरीच्या मुलांत बसत होता, त्यांच्यासाठी गोष्टी लिहीत होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? राष्ट्रपतिपद त्यांना उतारवयात मिळाले. त्यांचा खरा पेशा शिक्षकाचा होता.

त्यांचे चरित्र या स्मरणिकेत सांगण्यास एक विशेष कारण आहे. आपल्या शाळांतून पाचवी ते आठवी या इयत्तांत शिकणारी मुले दहा ते चौदा वर्षांची असतात. चौथीपर्यंत शहाण्यासारखे वागणारे मूल या वयात एकाएकी बदलते. ते उलट उत्तर देते, आरशासमोर उभे राहते, आईवडिलांपेक्षा मित्रांचे ऐकते, अभ्यासात मागे पडते. घरात कुरबुर सुरू होते. वडील म्हणतात, याच्या डोक्यात अभ्यास नाही, याला कामाला लावू. आई म्हणते, मुलगी आता मोठी झाली, घरीच बरी. असे म्हणून कितीतरी मुलामुलींची शाळा याच टप्प्यावर सुटते. वाचकहो, झाकीरसाहेबांचे जीवन म्हणजे या प्रश्नाचेच एक उत्तर आहे. म्हणून ते त्याच दृष्टीने वाचावे, ही विनंती.

झाकीर हुसेन यांचा जन्म 8 फेब्रुवारी 1897 रोजी हैदराबाद येथे झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचे, आफ्रिदी पठाणांचे. वडील फिदा हुसेन खाँ हैदराबादेत वकिली करीत आणि त्यांची वकिली उत्तम चालत असे. सात भावांत झाकीर तिसरे. घरात पुस्तके होती, संपन्नता होती. परंतु 1907 साली वडिलांचे क्षयाने निधन झाले आणि सारे कुटुंब कायमगंजला परतले. झाकीर त्या वेळी अवघे दहा वर्षांचे होते.

आई नाझनीन बेगम यांनी धीर सोडला नाही. त्यांनी मुलांना इटावा येथील इस्लामिया हायस्कुलात, वसतिगृहात राहून शिकण्यासाठी पाठविले. पुढे 1911 साली कायमगंजला प्लेगची साथ आली आणि त्या साथीत आईही गेली. झाकीर तेव्हा चौदा वर्षांचे होते. ज्या दहा ते चौदा या वयाची गोष्ट आपण करीत आहोत, त्या वयाच्या एका टोकाला या मुलाचे वडील गेले आणि दुसऱ्या टोकाला आई गेली. असे मूल बिघडले असते तर कोणी नवल केले नसते. ते बिघडले नाही, यामागे काही माणसे होती.

पहिले होते इटाव्याच्या शाळेचे मुख्याध्यापक सय्यद अल्ताफ हुसेन. त्यांचा मुलांवर जीव होता आणि मुलांवर विश्वासही होता. साधे राहणे, स्वच्छता, नमाज, खेळ आणि वाचन या गोष्टी त्यांनी शाळेच्या रोजच्या जीवनात आणल्या. 1911 साली इटलीने त्रिपोलीवर हल्ला केला, तेव्हा हिंदुस्थानातील मुसलमानांत मोठी खळबळ माजली. इटाव्याच्या शाळेतही ती पोहोचली. लहानगा झाकीर रेल्वे स्टेशनवर जाऊन वर्तमानपत्र आणी आणि त्यातल्या बातम्या इतर मुलांना समजावून सांगे. तुर्कांच्या मदतीसाठी वर्गणी गोळा करण्यासही तो पुढे होता. पाहा, चौदा वर्षांच्या अनाथ मुलाला स्वतःचे दुःख कुरवाळीत बसण्याऐवजी दूरच्या माणसांच्या दुःखासाठी झटण्याची वाट मिळाली. इंग्रजी वर्तमानपत्र वाचण्यासाठी इंग्रजी शिकावी लागली, बातमी समजण्यासाठी नकाशा पाहावा लागला, लोकांसमोर बोलावे लागले. पाठ्यपुस्तकाने जे साधले नसते, ते या एका कामाने साधले.

दुसरे होते कायमगंजचे हसन शाह नावाचे एक सूफी. त्यांना पुस्तकांचे वेड होते. दूरदूर पायी फिरून ते पुस्तके जमवीत आणि जे हस्तलिखित विकत मिळत नसे त्याची नक्कल करून घेत. सुट्टीत घरी आलेल्या झाकीरला त्यांनी नकला करण्यास बसविले. मुलाचे अक्षर सुधारले, फारसी पक्की झाली, आणि काम चोख कसे करावे याची गोडी लागली. झाकीरसाहेब पुढे आयुष्यभर हसन शाहांचे नाव आदराने घेत.

म्हणजे वाचकहो, या मुलाला आईवडिलांनंतर जे मिळाले ते असे : एक शाळा, विश्वास टाकणारे एक गुरुजी, आणि हातात खरे काम देणारे एक वडीलधारे. वाढत्या वयाच्या मुलाला याहून अधिक फारसे लागत नाही. पण एवढे लागतेच.

1913 साली झाकीर अलीगढच्या कॉलेजात दाखल झाले. डॉक्टर व्हावे असा विचार होता, म्हणून शास्त्र विषय घेतले आणि पुढे लखनौला गेले. तेथे प्रकृतीने साथ दिली नाही, वर्ष वाया गेले. ते अलीगढला परत आले आणि तत्त्वज्ञान, इंग्रजी वाङ्मय व अर्थशास्त्र हे विषय घेऊन 1918 साली बी. ए. झाले. ज्या विषयांत त्यांचे मन होते, तेथे ते पहिल्या रांगेत आले. आपल्या मुलाचा कल ओळखण्यात एखादे वर्ष गेले म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

1920 च्या ऑक्टोबरात महात्मा गांधी आणि अली बंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणारे शिक्षण सोडा, स्वतःचे राष्ट्रीय शिक्षण उभारा, असे आवाहन त्यांनी केले. झाकीर त्या वेळी एम. ए. व कायद्याचा अभ्यास करीत होते, शिकवीतही होते. पुढची नोकरी समोर दिसत होती. ती सोडून ते बाहेर पडले. 29 ऑक्टोबर 1920 रोजी अलीगढ येथे जामिया मिलिया इस्लामिया या संस्थेची स्थापना झाली. तिच्या संस्थापक मंडळींत तेवीस वर्षांचे झाकीर हुसेन होते.

1922 साली ते उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेले. बर्लिन विद्यापीठात थोर अर्थशास्त्रज्ञ वेर्नर झोम्बार्ट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. तेथेच कावियानी छापखान्यात स्वतः खिळे जुळवून त्यांनी गालिबचा दिवाण छापून काढला. पीएच. डी. करणारा विद्वान खिळे जुळवीत बसला याचे आपल्याला आश्चर्य वाटेल. परंतु हात आणि डोके यांची फारकत करायची नाही, हा त्यांच्या शिक्षणविचाराचा पायाच होता.

हा विचार त्यांना जर्मनीत गेओर्ग केर्शेनश्टाइनर यांच्या लिखाणातून अधिक स्पष्ट झाला. केर्शेनश्टाइनर हे 1895 पासून म्युनिक शहराच्या शाळांचे प्रमुख होते. त्यांनी शाळांत कार्यशाळा आणल्या, बागा आणल्या, स्वयंपाकघरे आणली. ते एका साध्या उदाहरणावरून आपले म्हणणे समजावीत. एका मुलाने पक्ष्यासाठी लाकडी घरटे करावयाचे आहे. त्याने आधी ते डोळ्यांसमोर आणावे, मापे ठरवावीत, फळ्या कापाव्यात, जोडाव्यात, आणि शेवटी आपले काम आपणच तपासावे. फळी वाकडी बसली तर गुरुजींनी रागवण्याची गरज नाही. घरटेच त्याला चूक दाखविते.

झाकीरसाहेबांनी हा विचार पुढे आपल्या भाषणांतून चार पायऱ्यांनी मांडला. काय करायचे ते नीट समजून घेणे, ते कसे करायचे याचा आराखडा करणे, मग प्रत्यक्ष काम करणे, आणि शेवटी केलेले काम ठरविलेल्या कामाशी ताडून पाहणे. या चार पायऱ्या असतील तरच काम हे शिक्षण ठरते. नाहीतर ती नुसती हमाली.

केर्शेनश्टाइनर यांचा दुसरा सिद्धान्त झाकीरसाहेबांना फार मोलाचा वाटे. प्रत्येक मनाची घडण वेगळी असते आणि त्या घडणीशी ज्या ज्ञानाचे, ज्या कलेचे, ज्या कामाचे नाते जुळते त्याच्याच द्वारे ते मन वाढते, असा त्याचा आशय आहे. सर्व मुलांना एकाच मापाचा सदरा बसत नाही. एखाद्याचे मन गणिताने उघडते, एखाद्याचे शेरोशायरीने, एखाद्याचे सुतारकामाने, तर एखाद्याचे आजारी माणसाची सेवा करण्याने. एकदा दार उघडले की मग बाकीचे विषयही त्याच दारातून आत जातात. शिक्षकाचे पहिले काम ते दार कोणत्या बाजूला आहे हे शोधण्याचे.

इकडे जामिया मोठ्या संकटात सापडली होती. खिलाफत चळवळ ओसरली, पैसा आटला. 1925 साली हकीम अजमल खाँ यांच्या पुढाकाराने संस्था दिल्लीच्या करोल बागेत आली, तरी ती बंद करावी असा विचार बोलला जात होता. ही वार्ता बर्लिनला पोहोचताच झाकीर हुसेन, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब या तिघा तरुणांनी आपण जामियासाठी आयुष्य देण्यास तयार आहोत, आपण परत येईपर्यंत संस्था बंद करू नये, असे कळविले. 1926 च्या फेब्रुवारीत ते तिघे परतले आणि एकोणतीस वर्षांचे झाकीर हुसेन जामियाचे प्रमुख, म्हणजे शेखुल जामिया, झाले.

पुढच्याच वर्षी हकीमसाहेबांचे निधन झाले आणि मदतीचा मोठा आधार तुटला. 1928 साली जामियाच्या शिक्षकांनी एक मंडळ स्थापून शपथ घेतली, की वीस वर्षे संस्थेची सेवा करू आणि दरमहा 150 रुपयांहून अधिक पगार घेणार नाही. प्रत्यक्षात हाती पडे तो पगार याहून पुष्कळ कमी असे आणि तोही वेळेवर मिळत नसे. युरोपात शिकून आलेली माणसे अशी राहिली, म्हणून ती संस्था जगली.

झाकीरसाहेबांचे विशेष लक्ष होते ते जामियाच्या लहान शाळेकडे. तेथे अब्दुल गफ्फार मुधोली यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले. मुलांना उपक्रमांतून शिकविण्याची पद्धत मुधोली यांनी जामियात रुजविली. मुलांची स्वतःची बँक होती, मुलांचे स्वतःचे दुकान होते. पैसे ठेवायचे, खाते लिहायचे, माल आणायचा, भाव ठरवायचा, हिशेब जुळवायचा, हे सारे मुलांनीच करायचे. गणित त्यातच आले, भाषा त्यातच आली, आणि प्रामाणिकपणाही त्यातच आला. कारण दुकानाचा हिशेब चुकला तर त्याचा जाब सोबत्यांना द्यावा लागे. या वयाच्या मुलाला गुरुजींच्या छडीपेक्षा सोबत्यांच्या नजरेची भीती अधिक असते. जामियाने त्या भीतीचा उपयोग चांगल्या कामासाठी करून घेतला. बर्लिनच्या ओळखीतून गेर्डा फिलिप्सबोर्न या जर्मन ज्यू विदुषी जामियात येऊन राहिल्या आणि 1943 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी तेथील लहान मुलांची सेवा केली.

झाकीरसाहेबांची एक आठवण सांगतात. मुलांनी जोडे स्वच्छ ठेवावेत असे त्यांनी वारंवार बजावले, पण कोणी मनावर घेईना. एके दिवशी मुले येतात तो शेखुल जामिया स्वतः ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकाशी बसलेले. ज्याचे जोडे मळलेले असतील त्याने पाय पुढे करावा, ते पुसून देतील. मुले शरमली आणि दुसऱ्या दिवसापासून जोडे चकाकू लागले. वाढत्या वयाच्या मुलाला चारचौघांत अपमान केला तर ते दगड होते. येथे अपमान कोणाचाच झाला नाही, आणि शिकवण मात्र जन्माची मिळाली.

दुसरी आठवण काळीज हलविणारी आहे. लहान शाळेत मुलांना मिठाई वाटण्याचा समारंभ चालला होता आणि झाकीरसाहेब स्वतः वाटीत होते. इतक्यात शिपायाने येऊन त्यांच्या कानात सांगितले की त्यांची लहानगी मुलगी रेहाना मरण पावली. घरी ती आजारी होतीच. झाकीरसाहेबांचा चेहरा क्षणभर उतरला, पण हात थांबला नाही. ते मिठाई वाटीत राहिले. शाळेची घंटा होऊन सर्वांना बातमी कळली तेव्हाच ते उठले. पुढे कोणी विचारले तर त्यांचे उत्तर एवढेच होते, की मुले इतकी आनंदात होती, त्यांच्या आनंदात व्यत्यय आणवेना. या कठोर संयमामागे किती दुःख होते, हे त्यांच्या घरच्यांनी पाहिले. कित्येक दिवस त्यांची उशी सकाळी ओली असे.

याच रेहानाच्या नावाने, रुकैया रेहाना हे टोपणनाव घेऊन, झाकीरसाहेबांनी मुलांसाठी उर्दूत गोष्टी लिहिल्या. त्यांतली अब्बू खाँच्या बकरीची गोष्ट फार गाजली. मूळ कल्पना फ्रेंच लेखक दोदे यांच्या कथेची. डोंगराळ मुलुखात राहणाऱ्या अब्बू खाँच्या बकऱ्या दोरी तोडून डोंगरात पळून जातात आणि लांडगा त्यांना खातो. शेवटची, लाडाची बकरी चाँदनी. तिला सारे सुख आहे, पण तिचे डोळे डोंगराकडे लागलेले. अब्बू खाँ तिला कोठडीत कोंडतो, पण खिडकी उघडी राहते आणि ती निघून जाते. दिवसभर मोकळ्या हवेत बागडल्यावर रात्री लांडगा येतो. चाँदनी पहाटेपर्यंत शिंगांनी झुंजते आणि पहाटे पडते. झाडावरचे पक्षी म्हणतात लांडगा जिंकला. एक म्हातारा पक्षी मात्र म्हणतो की चाँदनी जिंकली.

ही गोष्ट पारतंत्र्याच्या काळात लिहिली गेली, म्हणून तिच्यात देशाचे स्वातंत्र्य वाचणे साहजिक आहे. पण पालकहो, ती घरी एकदा मुलाच्या शेजारी बसून वाचा. ज्या वयाचे मूल दाराबाहेर पाहू लागते, त्या वयाच्या मुलाची आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्या अब्बू खाँचीही ती गोष्ट आहे. अब्बू खाँचे प्रेम खोटे नव्हते. चूक एवढीच झाली, की लांडग्याशी कसे वागावे हे शिकविण्याऐवजी त्याने दार लावून घेतले.

1 मार्च 1935 रोजी दिल्लीजवळ ओखला येथे जामियाच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. पायाचा दगड बसविण्यासाठी कोणा नवाबाला किंवा पुढाऱ्याला बोलाविले नाही. तो मान संस्थेतल्या सर्वात लहान विद्यार्थ्याला दिला. संस्था कोणासाठी आहे, हे त्या दिवशी साऱ्यांना न सांगता समजले.

आपल्या महाराष्ट्राशी झाकीरसाहेबांचा संबंध 1937 साली आला. 22 व 23 ऑक्टोबर रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तव्यवसायातून शिक्षण द्यावे आणि मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्चही निघावा, अशी गांधीजींची कल्पना होती. झाकीरसाहेबांनी कामातून शिक्षण हे तत्त्व मानले, पण खर्च काढण्याच्या कल्पनेतला धोका गांधीजींसमोर स्पष्ट बोलून दाखविला. शाळेला पैसा मिळावा म्हणून शिक्षक मुलांना राबवू लागतील ही त्यांची भीती होती. गांधीजींनी त्यांनाच अभ्यासक्रम समितीचे अध्यक्ष केले. विनोबा भावे आणि काका कालेलकर हेही या समितीत होते. साडेपाच तासांच्या शाळेत 3 तास 20 मिनिटे मूलोद्योगासाठी ठेवणाऱ्या त्या अहवालातही मुलांचे शोषण होऊ नये असा इशारा दिलेला आहे. 7 ते 14 वर्षे वयापर्यंत मोफत, सक्तीचे आणि मातृभाषेतून शिक्षण, ही त्या योजनेची मुख्य सूत्रे होती. पुढे 2009 साली शिक्षण हक्क कायदा झाला आणि 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क मिळाला. चौदाव्या वर्षापर्यंत मूल शाळेतच असले पाहिजे, हे झाकीरसाहेबांच्या समितीने सत्तर वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते.

या योजनेला मुस्लिम लीगने कडवा विरोध केला आणि झाकीरसाहेबांना आपल्याच माणसांची बोलणी खावी लागली. तरी दहा वर्षे ते सेवाग्रामच्या हिंदुस्थानी तालीमी संघाचे अध्यक्ष राहिले. आणि पुढे जेव्हा देशभर टकळी फिरविण्यापुरतेच मूलोद्योग शिक्षण उरले, डोक्याला काहीच काम राहिले नाही, तेव्हा सर्वात कडक टीका त्यांनीच केली. आपल्याच योजनेची चूक सांगण्यास मोठे मन लागते.

1948 साली ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि फाळणीने हादरलेली ती संस्था त्यांनी आठ वर्षे सांभाळली. 1957 मध्ये बिहारचे राज्यपाल, 1962 मध्ये उपराष्ट्रपती, 1963 मध्ये भारतरत्न, आणि 13 मे 1967 रोजी राष्ट्रपती. 3 मे 1969 रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांची कबर जामियाच्या आवारात आहे. शिक्षक शेवटी शाळेतच परतला.

वाचकहो, झाकीरसाहेबांच्या नंतर मुलांच्या वाढीविषयीचे शास्त्र फार पुढे गेले आहे. मुली साधारण 8 ते 13 आणि मुलगे 9 ते 14 या वयात वयात येऊ लागतात, हे आज डॉक्टर सांगतात. एकाच बाकावर बसलेल्या सातवीच्या दोन मुलांत म्हणूनच एक लहान मूल दिसते तर दुसऱ्याला मिसरूड फुटलेले असते. मेंदूचा जो भाग रागाला आवर घालतो, पुढचा विचार करतो, तो पंचविशीच्या आसपास पूर्ण पक्व होतो. तेव्हा तेरा वर्षांच्या मुलाने अविचार केला तर त्यात बंडखोरी कमी आणि अपुरी वाढ अधिक असते. या वयात झोपेची वेळही उशिराकडे सरकते. सकाळी न उठणारा मुलगा प्रत्येक वेळी आळशी नसतो.

आणखी एक गोष्ट. अमुक मूल पाहून शिकते, तमुक ऐकून शिकते, असे शिक्के मारण्याची पद्धत मध्यंतरी फार बोकाळली. 2008 साली मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. असे शिक्के मारून त्याप्रमाणे शिकविल्याने मूल अधिक शिकते, याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. मुलांमुलांत फरक नाही असा याचा अर्थ नव्हे. फरक असतो तो आवडीचा, वेगाचा आणि पूर्वतयारीचा. झाकीरसाहेबांनी शिक्का मारला नाही. त्यांनी मुलाला निरनिराळी कामे दिली आणि त्याचे मन कोठे रमते ते पाहिले. आपणही तेच करावे.

पालक बंधुभगिनींनो, यासाठी पैसा लागत नाही. ईदच्या खरेदीचा हिशेब सातवीतल्या मुलीकडे सोपवा. काय आणायचे, किती पैसे आहेत, कोठे स्वस्त मिळेल, हे तिलाच ठरवू द्या आणि शेवटी वही तिच्यासोबत तपासा. घरातील आजीचे औषध वेळेवर देण्याचे काम मुलाकडे द्या. चुकले तर पाहुण्यांसमोर बोलू नका, रात्री जवळ बसवून बोला. थोरल्या भावाशी तुलना करू नका. एका वर्षी नापास झाला म्हणून त्याला दुकानावर बसवू नका, आणि मोठी झाली म्हणून मुलीची शाळा सोडवू नका. ज्या वर्षी मुले सर्वात कठीण वाटतात, त्याच वर्षी त्यांना शाळेची सर्वात अधिक गरज असते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाचे वडील हयात नसतील, कोणाच्या घरी आई आजारी असेल, कोणाला वर्गात ढ म्हणत असतील. कायमगंजच्या त्या मुलाकडे पाहा. चौदाव्या वर्षी त्याच्यापाशी ना आई होती ना वडील. हाती घेतलेले काम चोख करण्याची सवय मात्र त्याला लागली होती. तेवढ्यावर तो पुढे गेला, आणि जाताना हजारो मुलांना बरोबर घेऊन गेला.

आपल्या प्रत्येक मुलाला इटाव्याचे ते मुख्याध्यापक आणि कायमगंजचे ते हसन शाह भेटतीलच असे नाही. म्हणून ते आपणच व्हायचे आहे. मरहूम झाकीरसाहेबांचे खरे स्मारक तेच.